मागणीची छांग

माणूस तत्त्वज्ञानाकडे का वळतो, याची मोठमोठी कारणं विद्वानांनी सांगून ठेवली आहेत. कुणी दुःखानं वळतो, कुणी मरणाच्या भीतीनं. थिनले वळला तो मुळ्यामुळे.

मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत, बी-बियाण्यांच्या दुकानात हयात घालवून तो नुकताच निवृत्त झाला होता. दुकानात असताना दिवसभर शेतकऱ्यांना सल्ले द्यायची सवय. आता शेतकरी नव्हते, सवय होती, आणि समोर बायको होती. त्या दिवशी ल्हाझोम मुळा चिरत होती आणि थिनले दाराच्या चौकटीला टेकून तिच्याकडे बघत होता.

"मुळा असा उभा चिरत नाहीत," तो म्हणाला. "आडवा चिरला की त्यातला रस त्यातच राहतो."

ल्हाझोमनं सुरी खाली ठेवली. (तिनं अशी सुरी खाली ठेवली की घरातली मांजरसुद्धा उठून बाहेर गेली.)

"थिनले, मठात दर रविवारी दुपारी संसारी माणसांसाठी वर्ग असतो म्हणे. तत्त्वज्ञानाचा. रोजच्या जगण्यात त्याचा फार उपयोग होतो असं गेशे-ला सांगतात. तू जात जा."

"मला काय उपयोग त्याचा?"

"तुला नसेल. मला होईल."

वर्गाला लोणी घातलेला चहा आणि गरम पाव मिळतो हे कळल्यावर थिनलेची ज्ञानाची तहान जागी झाली आणि पुढच्या रविवारी तो धुतलेला सदरा घालून मठात गेला. एवढा साधा निर्णय. त्यातून पोटच्या पोरीचं लग्न ठरायची पाळी येईल हे त्याला काय, शिकवणाऱ्या गेशे-लांनाही माहीत नव्हतं.

गेशे म्हणजे मठात वर्षानुवर्षं शास्त्र शिकून पदवी मिळवलेला पंडित, आणि नावामागचं 'ला' म्हणजे आपलं 'जी'. हे गेशे-ला वयानं लहान, चष्मेवाले आणि स्वभावानं गरीब होते. त्यांनी पहिल्याच दिवशी वादाची रीत समजावली. एकानं खाली बसायचं, दुसऱ्यानं उभं राहायचं. उभ्यानं मुद्दा मांडायचा आणि मुद्दा संपला की पाय आपटून समोरच्याच्या नाकासमोर फाडकन टाळी वाजवायची. बसलेल्यानं मात्र चारच उत्तरं द्यायची. पटलं तर 'मान्य'. कारण हवं असेल तर 'का?' दिलेलं कारणच खोटं असेल तर 'कारण खरं नाही'. आणि कारण खरं आहे, पण त्यावरून तुझा मुद्दा सिद्ध होत नाही, असं असेल तर 'नियम बसत नाही'. बसलेला माणूस स्वतःच्याच बोलण्यात अडकला, तर उभ्यानं 'छाऽऽ!' असं ओरडून त्याची फजिती जगजाहीर करायची.

थिनले हरखला. इतकी वर्षं तो नुसताच बोलत होता. बोलता बोलता टाळी वाजवायची आणि पाय आपटायचीही सोय असते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता शिकलेल्या विद्येचा सराव हवा, आणि सरावाला समोर कुणीतरी बसलेलं हवं. ल्हाझोम तर दिवसातून अनेकदा बसायची. गव्हाची कणीक मळायला बसायची, घेवडा सोलायला बसायची, गायीची धार काढायला बसायची.

पहिली टाळी कणकेवर झाली. परातीतलं पीठ उडून थिनलेच्या भुवया पांढऱ्या झाल्या. दुसरी टाळी गोठ्यात झाली. गायीला तत्त्वज्ञानाची गोडी नव्हती, तिनं दुधाच्या बादलीला लाथ मारली. तिसऱ्या टाळीला शेजारची म्हातारी कुंपणावरून डोकावली आणि म्हणाली, "ल्हाझोम, मारतोय का गं तुला? सांग, मी काठी घेऊन येते."

"नाही हो आमा-ला," ल्हाझोम म्हणाली. "शिकतोय."

पण चार उत्तरांची रीत ल्हाझोमला मनापासून आवडली. आजवर नवऱ्याशी बोलताना आपण शब्दांची किती उधळपट्टी केली, याची तिला हळहळ वाटली.

"भाजी खारट झालीय!" थिनले पाय आपटून म्हणाला. फाड!

"का?"

"कारण मला खारट लागतेय!" फाड!

"नियम बसत नाही. तुला ताप आला होता तेव्हा पाणीही कडू लागलं होतं. पाणी कडू होतं का?"

थिनलेचा हात हवेतच राहिला. (नियमानं तिला एवढं लांब बोलायची परवानगी नव्हती. पण ते त्याला भाजी संपल्यावर आठवलं.)

दुसऱ्या दिवशी तो नव्या तयारीनं आला. "घरात पुरुषाचं ऐकावं! कारण त्याला जगाचा अनुभव असतो!"

"कारण खरं नाही," ल्हाझोम घेवडा सोलत म्हणाली.

असे कितीतरी वाद झाले. 'का' झालं, 'कारण खरं नाही' झालं, 'नियम बसत नाही' तर दिवसातून दोनदा. पण 'मान्य' हा शब्द काही ल्हाझोमच्या तोंडून निघाला नाही. थिनले आता त्या एका शब्दासाठी झुरू लागला. झोपेतून जागा झाला की पडल्या पडल्या मुद्दे जुळवायचा. "आज सूर्य उगवलाय," तो एकदा अगतिक होऊन म्हणाला. ल्हाझोमनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर मळभ होतं. "का?" ती म्हणाली.

तर हे असं सुरळीत चाललेलं असताना वसाहतीतल्या स्वेटरवाल्या तोपग्याल-लांची बहीण दादोन एक दिवस सहज आली आणि सहजच नोरझिनचं जन्मवर्ष विचारून गेली.

नोरझिन ही थिनले-ल्हाझोमची एकुलती एक मुलगी. हुबळीला इस्पितळात नर्स होती, सुट्टीला बसनं घरी यायची. आता वसाहतीत कुणी मुलीचं जन्मवर्ष सहज विचारत नाही. त्यावरून ज्योतिषाकडे जाऊन मुलाशी जमतं का ते बघतात, आणि जमलं की मुलाकडचे मागणीची छांग घेऊन दारात येतात. छांग म्हणजे घरी आंबवलेली तांदळाची बिअर. ती मुलीच्या बापापुढे पेल्यात ओततात. बापानं पेल्याला हात लावला नाही तर समजायचं, अजून विचार चाललाय. पण बाप प्यायला, तर मुलगी दिली. मग कागद नको, सही नको, साक्षीदार नको. घशाखाली उतरली की उतरली.

"हे बघ," ल्हाझोमनं त्याला समोर बसवून बजावलं. "घर चांगलं आहे. तोपग्याल-लांचा पोरगा बंगळुरात आहे, नाव राबतेन, वाईट काही ऐकलं नाही. पण नोरझिनला विचारल्याशिवाय काही नाही. ते शनिवारी येतील. ती त्याच संध्याकाळी येतेय. तू गोड बोल, चहा पी, आणि म्हण, मुलीला विचारून कळवतो. छांगेला बोट लावायचं नाही. मान्य?"

"मान्य," थिनले म्हणाला. (त्याला तो शब्द किती सहज यायचा!)

"तू बोलायला लागलास की तुला भान राहत नाही. मागे बोलता बोलता तू मांजराचं दूध प्यायलास."

"मी आता तत्त्वज्ञान शिकतोय, ल्हाझोम. मनावर ताबा हाच तर आमचा विषय."

शनिवारी तोपग्याल-ला आणि दादोन आले. तोपग्याल-ला हे बडं प्रस्थ. तरुणपणी बारा वर्षं मठात शास्त्र शिकलेले, मग चीवर उतरवून स्वेटरच्या धंद्यात पडलेले. कोल्हापूर-सोलापूरकडच्या गिऱ्हाइकांशी घासाघीस करून त्यांची तर्कबुद्धी मठात होती त्याहून धारदार झाली होती. त्यांच्या हातात एक मोठा कॅन होता. कॅनच्या गळ्यात मानाचं पांढरं उपरणं बांधलेलं, आणि झाकणावर शुभ म्हणून लोण्याचे तीन ठिपके. नवरदेवाऐवजी कॅनच नटून आला होता.

ल्हाझोमनं हसून कॅन घेतला आणि आत गेली. थोड्या वेळानं ती छांगेची किटली घेऊन आली. तिनं सगळ्यांचे पेले भरले, एक थिनलेपुढेही ठेवला, रीतच तशी, आणि जाता जाता नवऱ्याकडे असं बघितलं की समोर गाय असती तर आटली असती.

थिनलेनं पेला हातभर लांब सरकवला. "मुलीला विचारून..." त्यानं ठरलेलं वाक्य सुरू केलं.

"ते होईल हो सावकाश," तोपग्याल-ला म्हणाले. "मी काय ऐकतोय, थिनले-ला? तुम्ही म्हणे वादविद्या शिकताय?"

"अं... शिकतोय थोडंसं."

"वा! नाहीतर आमच्या वसाहतीत तत्त्वाचं बोलायला माणूस नाही. सगळे मक्याचा भाव बोलतात. चला, मी बसतो, तुम्ही उभे राहा. विषय तुम्हीच काढा."

इथे थिनलेनं 'नको' म्हणायला हवं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा एक जाणता माणूस आपण होऊन त्याच्यासमोर बसला होता. ज्याला घरात गायसुद्धा उभी करत नव्हती, त्याला हा मान! तो उठला. बाह्या वर गेल्या.

"विषय मुलगी!" तो म्हणाला. "मुलगी ही बापाच्या मालकीची नाही!" फाड!

"का?" तोपग्याल-ला शांतपणे म्हणाले.

"कारण या जगात कुणीच कुणाच्या मालकीचं नाही! जे बदलतं, जे क्षणाक्षणाला नवं होतं, त्याला मुठीत कसं धरणार? पोरगी काल रांगत होती, आज लोकांना इंजेक्शन देते! यातली माझी कुठली?" फाड!

"नियम बसत नाही," तोपग्याल-ला म्हणाले. "तुमची गायही काल वासरू होती. पण ती तुमचीच."

"गाय बोलत नाही! मुलगी बोलते! जिला स्वतःचं मन आहे, तिच्या मनाची मालकी तिचीच!" फाड!

"का?"

आता या रीतीत एक मेख आहे. बसलेला एक शब्द बोलतो, उभा शंभर. त्यामुळे घसा कोरडा पडतो तो नेहमी उभ्याचाच. थिनलेनं बुद्ध काढला, कर्म काढलं, बियाण्यांच्या दुकानातले दाखले काढले. घरात कुणी ऐकून घेतलं नव्हतं ते सगळं बाहेर पडलं. बाप बी पेरतो खरा, पण पीक काय बापाला विचारून डोलतं? आणि शेवटी घामाघूम होऊन त्यानं अखेरचा घाव घातला, "म्हणून मुलगी आपली नव्हे! आणि जे आपलं नव्हे, ते कुणी कुणाला देऊ शकत नाही!" फाड!

"मान्य," तोपग्याल-ला म्हणाले.

मान्य! थिनलेच्या कानात सनई वाजली. कितीतरी महिने ज्या शब्दासाठी तो झुरत होता, तो एका शास्त्र शिकलेल्या माणसाच्या तोंडून! त्या आनंदात तो धपकन खाली बसला, हात लांब केला, पेला उचलला आणि घोट घेतला. दादोननं रीतीप्रमाणे किटलीतून पेला पुन्हा भरला. दुसरा घोट. पुन्हा भरला. तिसरा घोट, आणि मग उरलेला पेला एका दमात, तळापर्यंत, अगदी मागणीच्या रीतीत सांगितलंय तसा. अशी शास्त्रोक्त छांग त्याच्या लग्नात त्याचा सासराही प्यायला नसेल.

"अहाहा!" तो मिशी पुसत म्हणाला. "याला म्हणतात छांग! काय गोडी, काय धार! दादोन-ला, तुमच्या हाताला तोड नाही. आमची ल्हाझोम पण करते, पण ती आंबट ढोण. गायीला पाजली तर गायही कान हलवते."

दादोनचा चेहरा जरा विचित्र झाला. तिनं स्वतःच्या पेल्यातला एक घोट घेऊन मघाशीच पेला खाली ठेवला होता.

तोपग्याल-ला मात्र उठले होते. त्यांनी खिशातून दुसरं पांढरं उपरणं काढलं, उलगडलं आणि थिनलेच्या गळ्यात घातलं.

"मंगल असो!" ते म्हणाले. "सोयरीक पक्की झाली."

थिनलेनं गळ्यातल्या उपरण्याकडे पाहिलं. मग रिकाम्या पेल्याकडे पाहिलं. मग आतल्या दाराकडे पाहिलं. तिथे ल्हाझोम उभी होती, आणि तिच्या मागे, परसदारानं नुकतीच आत आलेली, खांद्यावर प्रवासाची पिशवी तशीच असलेली नोरझिन.

"पा-ला," नोरझिन म्हणाली. "तुम्ही प्यायलात?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण तिनं ते अगदी हळू आवाजात विचारलं. ही पोरगी लहान असताना खाऊ देताना तो दोन्ही मुठी पुढे करायचा आणि विचारायचा, कुठली मूठ? चिंचेच्या गोळीसाठी विचारलं होतं. आणि आज?

"तोपग्याल-ला," तो उठून म्हणाला. टाळी वाजवायचं त्राण उरलं नव्हतं. "मी प्यायलो, हे खरं. पण प्यायलो म्हणजे मुलगी दिली, हा नियम बसत नाही. मला तहान लागली होती. तहानेला बैलही पितो."

"तुमच्या सासऱ्यानं छांग प्यायली, तेव्हा काय झालं?"

"लग्न झालं."

"कुणाचं?"

"माझं. ल्हाझोमशी."

"म्हणजे तेव्हा नियम बसला, आणि तुमच्या घशाला तो बसत नाही?" तोपग्याल-लांनी हात उंचावला. "छाऽऽ! आणि मघाशी तुम्हीच सिद्ध केलंत, मुलगी तुमची नाही. मग आम्ही नेली तर तुमचं काय गेलं? छाऽऽ!"

दोन-दोन छा! एवढी फजिती वर्गातल्या कुणाची झाली नव्हती. पण थिनलेला फजितीचं काही वाटलं नाही. त्याच्या डोक्यात सासऱ्याची छांग अडकली होती. त्या दिवशी तोही असाच वडिलांच्या शेजारी बसला होता. सासरा प्यायला, सगळे हसले, उपरणी गळ्यात पडली. ल्हाझोमला कुणी विचारलं होतं? त्यानं आठवून पाहिलं. कुणीच नाही. त्यानंही नाही. आणि इतक्या वर्षांत, हजार गोष्टी तिला समजावून सांगताना, ही एक गोष्ट विचारायचं त्याला कधी सुचलं नव्हतं.

"ल्हाझोम," तो म्हणाला.

ल्हाझोम पुढे आली. तिनं पदराला, म्हणजे पुढच्या पट्ट्यापट्ट्यांच्या ॲप्रनला, हात पुसले. आणि कणीक मळताना बसायची तशी ती चटईवर मांडी घालून बसली.

"तोपग्याल-ला," ती म्हणाली. "तुमचा मुद्दा मला सांगा. रीतीनं."

तोपग्याल-ला हसले. त्यांना वाटलं गंमत आहे. पण वादाचं आव्हान नाकारायची सवय त्यांना नव्हती.

"ठीक आहे. या घरातली मुलगी आमच्या घरी दिली गेली!" फाड!

"का?"

"कारण तिच्या बापानं आमची मागणीची छांग प्यायली!" फाड!

"कारण खरं नाही."

नोरझिनच्या खांद्यावरची पिशवी खाली घसरली.

"खरं नाही?" तोपग्याल-ला म्हणाले. "तो प्यायला की नाही?"

"मान्य."

(थिनलेला एवढ्या संकटातही ते टोचलं. या माणसाला पहिल्याच फटक्यात 'मान्य'!)

"जे प्यायला, ती छांग होती?"

"मान्य."

(दोनदा!)

"मग ती आमची छांग होती!" फाड!

"का?"

"का काय? आम्ही कॅन आणला, तुम्ही आत नेला, आतून किटली भरून आली! म्हणून!" फाड!

"नियम बसत नाही," ल्हाझोम म्हणाली. "जे आत जातं तेच बाहेर येतं, असं काही नाही. नोरझिन, जा, कॅन घेऊन ये."

नोरझिन पळत गेली आणि कॅन घेऊन आली. कॅनच्या गळ्यातलं उपरणं जसंच्या तसं बांधलेलं होतं. झाकणावरचे लोण्याचे तीन ठिपके, एकाची कडसुद्धा विस्कटलेली नव्हती. कॅन गळ्यापर्यंत भरलेला होता.

"तो आज प्यायला ती माझी छांग," ल्हाझोम म्हणाली. "तीच. आंबट ढोण."

आधी हसली ती दादोन. ती इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. "मला पहिल्याच घोटाला कळलं होतं," ती म्हणाली. "माझ्या छांगेची चव मला कळणार नाही? म्हटलं, बघू तरी या दोघा पंडितांपैकी कुणाला कळतंय. दादा, तूही दोन पेले प्यायलास की!"

तोपग्याल-लांनी स्वतःच्या पेल्यात वाकून बघितलं. ते क्षणभर लालबुंद झाले, आणि मग त्यांच्यातला जुना विद्यार्थी जागा झाला. बारा वर्षं शास्त्र शिकलेल्या माणसाला हरल्याचं दुःख होतं, पण चांगला वाद ऐकल्याचं सुख त्याहून मोठं असतं. त्यांनी ल्हाझोमपुढे वाकून मान तुकवली.

"ताई, कुणाकडे शिकलात?"

"हा रोज माझ्या डोक्यावर टाळ्या वाजवतो ना," ल्हाझोम म्हणाली. "काहीतरी आत जाणारच."

"आणि खरं सांगू का," दादोन खाली बघत म्हणाली, "आमच्या राबतेनला तरी कुठे विचारलंय? तो दिवाळीला येतोय, तेव्हा सांगणार होतो."

मग सगळे नोरझिनकडे बघू लागले. दुपारपासून जिच्यावर एवढा काथ्याकूट झाला, तिच्याकडे आता कुठे लक्ष गेलं.

"तो आला की मी त्याला भेटेन," नोरझिन म्हणाली. "गप्पा मारीन. मग कॅन उघडायचा की परत पाठवायचा ते सांगेन."

"तोवर छांग आंबेल गं पोरी," तोपग्याल-ला म्हणाले.

"मग नवी आणा. छांग आंबते म्हणून लग्न करा, हा नियम बसत नाही."

तोपग्याल-लांनी कपाळावर हात मारला. "या घरातल्या बायकांशी सोयरीक करायची म्हणजे आम्हालाच पुन्हा मठात जावं लागणार," ते म्हणाले. जाताना त्यांनी थिनलेच्या गळ्यातलं उपरणं काढलं आणि ल्हाझोमच्या गळ्यात घातलं. कॅन तसाच कोपऱ्यात राहिला, लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा, नटून, वाट बघत.

ते गेल्यावर नोरझिननं बापाच्या हातात हुबळीहून आणलेला पेढ्यांचा पुडा ठेवला आणि म्हणाली, "पा-ला, मुलीच्या मनाची मालकी तिचीच, असं तुम्ही म्हणालात ना, ते मी परसदारातून ऐकलं. मला फार बरं वाटलं. पुढच्या वेळी फक्त त्यावर पाणी प्या." आणि ती तोंड धुवायला निघून गेली. थिनलेला हुंदका आवरेना, म्हणून त्यानं एक पेढा तोंडात टाकला.

दिवस मावळायला आला तेव्हा ल्हाझोम पडवीत घेवडा सोलत बसली होती. थिनले आला. नेहमीप्रमाणे तो तिच्यासमोर उभा राहिला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिच्या शेजारी खाली बसला आणि घेवडा सोलू लागला. शेंगा चुकीच्या बाजूनं उघडत होता, पण ती काही बोलली नाही.

"तू छांग का बदललीस?"

"तुला ओळखते म्हणून."

"मी वचन दिलं होतं."

"म्हणूनच."

त्यानं आणखी एक शेंग मोडली. मग थिनले म्हणाला, "तुझ्या वडिलांनी छांग प्यायली, तेव्हा तुला कुणी विचारलं नव्हतं."

"नाही."

"मी तरी विचारायला हवं होतं. त्याच दिवशी नाही तर नंतर तरी कधी. मी नाही विचारलं. मी अगदी अडाणी होतो."

"मान्य," ल्हाझोम म्हणाली.

थिनलेनं चमकून तिच्याकडे पाहिलं. मिळाला! शेवटी मिळाला तो शब्द! कशावर मिळाला हे लक्षात यायला त्याला जरा वेळ लागला, पण तोवर ल्हाझोमनं आत जाऊन दुपारचीच किटली आणली होती. तिनं त्याला पेला भरून दिला. त्यानं तो घोटाघोटानं रिकामा केला. गोड होती, धार होती. त्याची मान खाली गेली.

"आता विचारतो," तो पेल्यात बघत म्हणाला. "तेव्हा विचारलं असतं, तर तू हो म्हणाली असतीस?"

ल्हाझोमनं हातातली शेंग बाजूला ठेवली. तिनं बराच विचार केला. गोठ्यात गायीनं शेपूट झाडलं. थिनलेला वाटलं, तोपग्याल-लांचे ते दोन छा याच्यापुढे काहीच नव्हते.

"म्हणाले असते," ती म्हणाली.

थिनलेचे डोळे भरून आले. पण तो आता विद्यार्थी होता, आणि खाली बसलेल्याचा हक्क त्याच्याकडे होता. "का?" त्यानं विचारलं.

"तुम्ही लोक आमच्या घरी आलात तेव्हा मी स्वयंपाकघराच्या फटीतून बघत होते," ल्हाझोम म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर त्या दिवसाचं काहीतरी उमटलं आणि तिनं हळूच त्याच्या बाहीवरचं घेवड्याचं साल काढून टाकलं. "सगळे पुरुष बडबडत होते. एकटा तू कान लाल करून बसला होतास. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत तू तोंडातून एक शब्द काढला नाहीस. मला वाटलं, बाई, इतका गप्प बसणारा माणूस पुन्हा मिळायचा नाही."

यावर फार मोठं उत्तर थिनलेच्या ओठांशी आलं. त्याचा उजवा हात टाळीसाठी आपोआप वर गेला. मग त्यानं तो हळूच खाली घेतला आणि त्याच हातानं रिकामा पेला पुढे केला.